साउथसीचे पाणबुडे आणि 1841चा नकाशा

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज 11 ऑक्टोबर 1982 रोजी समुद्रातून वर काढले, तो क्षण लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. ते सापडले मात्र त्याच्या अकरा वर्षे आधी, आणि त्याचा माग काढला तो हौशी पाणबुड्यांच्या एका स्थानिक शाखेने.

ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब 1953 साली स्थापन झाला आणि गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या. त्यांतली एक साउथसीची, म्हणजे पोर्ट्समथ शहराच्या किनाऱ्यालगतची. पत्रकार आणि युद्धेतिहासाचे लेखक अलेक्झांडर मॅकी या शाखेचे सभासद होते. 1965 मध्ये त्यांनी शाखेसमोर ‘प्रोजेक्ट सोलेंट शिप्स’ ही मोहीम मांडली. मऊ गाळात बुडालेले जहाज स्वतःच्या वजनाने रुतत जाते आणि गाळाखालचे लाकूड टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे ठरवायला आधी जागा हवी होती, आणि ती शोधायची तर कागद चाळणे आले.

कागद तसे पुष्कळ होते. जहाज बुडाले 19 जुलै 1545 रोजी, पोर्ट्समथसमोरच्या सोलेंट सामुद्रधुनीत फ्रेंचांशी झालेल्या लढाईत. पाचच दिवसांनी सम्राट पाचव्या चार्ल्सचा इंग्लंडमधला वकील व्हान डर डेल्फ्ट याने धन्याला लिहिलेले पत्र शिल्लक आहे. वाचलेल्या एका खलाशाकडून त्याने ऐकले की तोफांची खालची दारे उघडी होती आणि वळताना त्यांतून पाणी शिरले. मार्टिन द्यु बेले या फ्रेंच लेखकाच्या मते जहाज फ्रेंच तोफांनी बुडवले. पहिला साक्षीदार घटनेच्या अधिक जवळचा, म्हणून त्याच्याकडे माझा कल आहे. पण जहाज नेमके कुठे बुडाले, ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

1 ऑगस्ट 1545 ची एक यादी मला या सगळ्यात विशेष मोलाची वाटते. जहाज वर काढायला काय काय लागेल, ते ड्यूक ऑफ सफकने तीत मागितले आहे: दोन सर्वांत मोठी मालवाहू जहाजे, जाड दोरखंड, 50 कप्प्या, 40 पौंड चरबी, 30 व्हेनिशियन खलाशी, एक सुतार आणि त्यांच्या मदतीला 60 इंग्रज खलाशी. बुडालेल्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जहाजे उभी करायची, दोर बांधायचे आणि भरतीच्या जोरावर ते उचलायचे, असा बेत होता. तो फसला, ओढताना एक डोलकाठी मोडली. या यादीवरून एवढे कळते की जहाज दोर पोचतील अशा खोलीवर होते. लढाईचे एक मोठे चित्र काउड्रे हाउसमध्ये होते. ते 1793 च्या आगीत जळाले. त्यावरून 1778 मध्ये काढलेली छापील प्रत तेवढी उरली. तीत पाण्याबाहेर डोकावणाऱ्या डोलकाठ्या दिसतात, म्हणजे दिशेचा अंदाज येतो, पण नुसत्या चित्रावरून बुडी मारता येत नाही.

निर्णायक कागद त्यानंतर तीनशे वर्षांनी तयार झाला. 1836 मध्ये मासेमारांची जाळी समुद्रतळाशी कशात तरी अडकू लागली. तिथे जॉन डीन उतरला. तो आणि त्याचा भाऊ चार्ल्स हे शिरस्त्राण घालून बुडी मारण्याच्या कलेचे आद्य कारागीर. त्याला ‘मेरी रोझ’च्या तोफा मिळाल्या. पुढे ते काम थांबले आणि जागा विस्मरणात गेली. पण कमांडर शेरिंगहॅम याच्या 1841 च्या सागरी नकाशावर ती खूण राहून गेली होती. नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागात 1966 मध्ये मॅकी आणि त्यांचे सहकारी जॉन टाउझ यांच्या हाती हा नकाशा लागला. डीनच्या कामाच्या सुमाराचाच तो असल्याने त्याच्यावर भरवसा ठेवायला आधार होता.

त्या खुणेवर वरवर पाहता काहीच नव्हते, नुसता सपाट गाळ. 1967 मध्ये अमेरिकेचे हॅरॉल्ड एजर्टन यांच्या ध्वनियंत्राने गाळाखाली काहीतरी असल्याचे दाखवले. पुरातत्त्वज्ञ मार्गारेट रूल कामात आल्या. समुद्राखालची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी म्हणून त्या पुढे बुडी मारायला शिकल्या. बुडालेल्या जहाजांना तेव्हा कायद्याचे संरक्षण नव्हते, त्यामुळे 1968 मध्ये मोहिमेच्या समितीने समुद्रतळाचा तो तुकडाच वर्षाला एक पौंड भाड्याने घेतला. लुटारूंना अडवायला ही एक पौंडाची कागदी भिंत होती.

सोलेंटचे पाणी गढूळ. पुष्कळदा हातभर पलीकडचे दिसत नाही. हे हौशी पाणबुडे सुट्टीच्या दिवशी येत, पाण्याच्या फवाऱ्याने गाळ उडवत आणि खड्डा पुन्हा भरला की नव्याने सुरुवात करत. 1970 मध्ये एक लोखंडी तोफ निघाली. 5 मे 1971 रोजी पर्सी अ‍ॅकलंड या पाणबुड्याला गाळातून वर आलेल्या जहाजाच्या वाशांची टोके दिसली.

पुढे 1973 मध्ये बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा कायदा झाला, 1974 मध्ये ही जागा संरक्षित ठरली आणि 1979 मध्ये ‘मेरी रोझ’ न्यास स्थापन झाला. 1979 ते 1982 या चार वर्षांत सुमारे 500 स्वयंसेवक पाणबुड्यांनी 27,000 हून अधिक बुड्या मारल्या. हजारो वस्तू वर आल्या. त्या कामाला न्यासाचा, तज्ज्ञांचा आणि देणगीदारांचा मोठा आधार होता, हे मान्यच आहे. तरी जहाज शोधून काढण्याचे श्रेय मात्र नकाशा वाचून रिकाम्या गाळावर वर्षानुवर्षे परतणाऱ्या साउथसीच्या शाखेलाच द्यावे लागेल.