एका मुलीचा खटला आणि १२६ गावांच्या शाळा

१/ मे महिना. अलास्कातील नदीकाठचे एक लहानसे खेडे. शाळेच्या बास्केटबॉलच्या सभागृहात सारा गाव लोटला आहे. निमित्त आहे बारावी उत्तीर्ण झालेल्यांच्या निरोप समारंभाचे. उत्तीर्ण किती? कधी चार, कधी दोन, तर कधी एकच. एका विद्यार्थ्यासाठी अवघे गाव का जमते? याचे उत्तर इतिहासात आहे. त्यासाठी हा धागा.

२/ अमेरिकेने १८६७ साली अलास्का रशियाकडून विकत घेतला आणि १९५९ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. हा प्रदेश महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा आहे. मूलनिवासींच्या बहुसंख्य गावांना आजही बाहेरून येणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात नाव, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, एरवी लहान विमान.

३/ शिक्षणातील दुजाभाव मात्र अंतरामुळे नव्हे, कायद्यामुळे जन्मला. १९०५ च्या नेल्सन कायद्याने दोन वेगळ्या व्यवस्था निर्माण केल्या. गोऱ्यांच्या आणि ‘सुसंस्कृत जीवन जगणाऱ्या’ मिश्रवंशीय मुलांच्या शाळा एकीकडे आणि मूलनिवासींच्या, संघराज्य सरकारच्या अखत्यारीतील शाळा दुसरीकडे.

४/ खेड्यातील शाळा साधारणपणे आठवीपर्यंतच असे. पुढे शिकायचे, तर गाव सोडणे भाग होते. १९४७ साली सिटका येथे, महायुद्धकाळातील नौदल तळाच्या इमारतींत, माउंट एजकम ही निवासी शाळा सुरू झाली. तिथे जागा अपुरी पडे. मग मुलांची रवानगी होई ती थेट ओरेगनमधील चेमावा किंवा ओक्लाहोमातील चिलोको येथे, हजारो किलोमीटर दूर.

५/ तेरा-चौदा वर्षांचे मूल शरदाच्या आरंभी घर सोडी, ते उन्हाळ्यातच परते. शिकार, मासेमारी, भाषा हे सारे वडीलधाऱ्यांकडून शिकण्याचे नेमके हेच वय. काही मुले अर्ध्यातूनच घरी परतत आणि त्यांचे शिक्षण तिथेच थांबे. काही जातच नसत.

६/ तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की माउंट एजकममधून शिकलेले अनेक जण पुढे मूलनिवासींच्या चळवळीत पुढारी झाले. निरनिराळ्या जमातींची मुले तिथे प्रथमच एकत्र आली होती. प्रश्न शाळा चांगली की वाईट, एवढाच नव्हता. प्रश्न असा होता, की शिक्षणाची किंमत म्हणून घर सोडण्याची सक्ती फक्त यांच्यावरच का?

७/ हा प्रश्न १९७२ साली न्यायालयात गेला. युकॉन नदीच्या मुखाजवळील एमोनॅक गावची मॉली हूच ही युपिक मुलगी आणि तिच्यासारखे इतर विद्यार्थी वादी झाले. त्यांच्या बाजूने उभी राहिली ती अलास्कातील विधी सेवा संस्था. मागणी साधी होती : आमच्या गावात माध्यमिक शाळा द्या.

८/ १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो विद्यार्थ्यांच्या विरोधात होता! राज्यघटना स्वतःच्याच गावात शिकण्याचा हक्क देत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र एक दार उघडे राहिले. वांशिक भेदभावाचा मुद्दा पुढील सुनावणीसाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवण्यात आला.

९/ खटला पुढे चालला तो नुनापिचक गावच्या ॲना टोबेलुक हिच्या नावाने. प्रतिवादी होते राज्याचे शिक्षण आयुक्त लिंड. दरम्यान काळही बदलला होता. १९६८ साली प्रुडो बे येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला होता. तेलवाहिनीचे काम सुरू होते आणि राज्याच्या तिजोरीत लवकरच पैसा येणार होता.

१०/ अखेर १९७६ साली उभयपक्षी संमतीने हुकूमनामा झाला. १२६ गावांत, जिथे गावकऱ्यांची इच्छा असेल तिथे, माध्यमिक शिक्षणाची सोय करण्याचे राज्याने मान्य केले. त्याच वर्षी ग्रामीण भागासाठी स्थानिक निवडून आलेल्या मंडळांचे शालेय विभागही कार्यरत झाले. शाळा गावात आली, तिच्या कारभारात गावाचा शब्दही आला.

११/ सारेच गोड झाले असे नाही. मोजक्या शिक्षकांनी सगळे विषय शिकवायचे, प्रयोगशाळा तुटपुंजी, बाहेरून आलेले शिक्षक लवकर सोडून जातात. माउंट एजकम १९८३ साली बंद झाली आणि १९८५ साली राज्याने ती पुन्हा उघडली. आजही खेड्यांतील मुले तिथे जातात. फरक एवढाच, की आता ती जातात स्वेच्छेने. आणि हा फरक लहान नाही.

१२/ नवे संकट निराळे आहे. १९९८ पासून लागू झालेल्या निधीच्या नियमानुसार पटसंख्या दहाच्या खाली गेली, की शाळेचे अनुदान आटते आणि बहुधा शाळेला टाळे लागते. त्यामुळे लहान गावात एक कुटुंब स्थलांतरित झाले, तरी शाळेचा जीव टांगणीला लागतो.

१३/ आता पुन्हा त्या सभागृहात जाऊ. पहिल्या रांगेतील आजीला स्वतःच्या पोरवयात आठवीनंतर गाव सोडावे लागले असेल, किंवा शाळाच सोडावी लागली असेल. तिच्यासमोर तिची नात प्रमाणपत्र घेते आहे, आणि तेही आपल्या गावात, आपल्या माणसांत. टाळ्या एकीसाठी वाजतात खऱ्या, पण त्यांत मागच्या कित्येक पिढ्यांचा हिशेब असतो.
(समाप्त)