फुकटचा नाताळ

उन्हाळा, १९४६. कॅलिफोर्नियात एन्सिनोच्या मोकळ्या रानात तुम्ही घामाने निथळताय, आणि समोर बर्फ पडतोय. चित्रपटासाठी चार एकरांत अख्खं बेडफर्ड फॉल्स गाव उभं केलंय. त्या बर्फातून चालून बघा. आवाज येत नाही ना? आजवर सिनेमात बर्फ म्हणून पांढऱ्या रंगाचे कॉर्नफ्लेक्स पसरायचे. ते पायाखाली असे कुरकुरत, की संवाद मागाहून पुन्हा मुद्रित करावे लागत. इथे आग विझवायच्या फेसात साखर, पाणी आणि साबणाचा चुरा कालवून तो पंख्यांनी उडवताहेत. जेम्स स्टुअर्टच्या अंगावर मात्र थंडीचे कपडे. युद्धात बॉम्बफेकी विमानं चालवून आल्यावरचा हा त्याचा पहिला चित्रपट.

२० डिसेंबर. न्यूयॉर्कचं ग्लोब थिएटर, फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. जीव द्यायला पुलावर आलेल्या जॉर्ज बेलीला, म्हणजे स्टुअर्टला, एक देवदूत दाखवतो, की तो जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं. डोळे खुशाल पुसा, अंधार आहे.

बाहेरचा हिशोब मात्र कोरडा. देशभर चित्रपट लागतो तो जानेवारीत, नाताळ उलटून गेल्यावर. तीस लाख डॉलरच्या वरचा खर्च काही भरून निघत नाही. ऑस्करची पाच नामांकनं, हाती एकही नाही. पुढे अकादमी एक तांत्रिक पुरस्कार देते, तोही बर्फ पाडण्याच्या त्या नव्या युक्तीला! काप्राची लिबर्टी फिल्म्स वर्षभरात पॅरामाउंटला विकली जाते.

आता १९७४ मध्ये या. कॉपीराइट कार्यालयात थांबा आणि काय होत नाही ते बघा. तेव्हाच्या कायद्यात हक्क २८ वर्षांचा; पुढे चालवायचा तर मालकाने अर्ज करायचा. तो अर्ज येतच नाही. गुणांची कदर कधीतरी होतेच, असं म्हणणाऱ्यांना याच बाकावर आणून बसवावं. सिनेमा होता तोच आहे, एक चौकटसुद्धा बदललेली नाही. फक्त आता तो दाखवायला फारसं कुणाला विचारावं लागत नाही.

एखाद्या छोट्या टीव्ही केंद्रात शिरा. डिसेंबर तोंडावर आलाय, रात्रीचे तास भरायचेत, तिजोरीत खडखडाट. मग हाच लावा. उद्याही लावा. शेजारच्या वाहिनीवरही हाच. ऐंशीच्या दशकातल्या दिवाणखान्यात बसून तुम्ही चॅनेल फिरवता, तर कुठे ना कुठे जॉर्ज बेली बर्फातून धावतोय. मुलं त्याच्यासोबतच मोठी होतात. नाताळच्या झाडाइतकाच तो घरचा होतो.

मालकांना जाग येते १९९३ मध्ये. दृश्यं फुकट असतील, पण मूळ कथा आणि संगीत आमचं, असं आता हक्क सांगणारी रिपब्लिक पिक्चर्स ही कंपनी बजावते. १९९४ पासून तो एनबीसी वाहिनीवर, मोसमात एखाद-दोनदाच. त्या रात्री तुम्ही जेवण लवकर उरकता. मध्ये जाहिराती येतात, त्याही बघता.