फुगा आत, ओढ बाहेर

लघवीच्या नळीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ती जागेवर कशी टिकवायची याचा इतिहास. धातूची कडक नळी तुंबलेली लघवी काढण्यापुरतीच घालत. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले, पुढे फ्रेंच सर्जन नेलाटोन यांनी मऊ रबरी नळी आणली आणि नळी आत ठेवून देणे सुसह्य झाले. पण ती निसटायची. म्हणून फितीने, चिकटपट्टीने बांधावी लागे. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९२९ मध्ये फुगा वापरला तो प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबण्यासाठी. १९३०च्या दशकात तोच फुगा नळी अडकवून ठेवू लागला आणि आता बांधायची गरज उरली नाही, असा समज रुजला. तो अर्धाच खरा आहे. फुगा नळी पडू देत नाही, पण ओढही थोपवत नाही. फोलींनी रक्त थांबवायला जो दाब मुद्दाम दिला, तोच दाब बेसावध ओढीने मूत्राशयाच्या मुखावर तासन्‌तास बसतो. पुरुषांमध्ये मूत्रमार्गाचे टोक खालच्या बाजूने चिरत जाते. शुद्धीवरचा माणूस कण्हेल तरी. व्हेंटिलेटरवरचा काय सांगणार?

बुलढाणा जिल्ह्यात ओढीची ही उरलेली अर्धी बाजू विशेष महत्त्वाची, कारण नळी घातलेल्या रुग्णाला घाटातून दूर हलवावे लागते. इथले तालुके घाटावरचे आणि घाटाखालचे असेच ओळखले जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याला मिळाले ते २०२४ मध्ये. तोवर मोठ्या उपचारांसाठी वाट अकोल्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची. २०१४ मध्ये १०८ची रुग्णवाहिका आली, पण राजूर घाटाची वळणे तीच राहिली. नळीला खरा हिसका बसतो तो उचलाउचलीत: चौघे रुग्णाला स्ट्रेचरवर घेतात आणि लघवीची पिशवी खाटेच्या दांडीलाच लटकलेली राहते. मग कुणीतरी ती पोटावर ठेवतो, आणि साचलेल्या लघवीला मागे फिरायला वाट मिळते.

म्हणून फुगा असला तरी नळी मांडीला पट्टीने बांधावी. यावर आक्षेप असा की, पट्टी लावल्याने जंतुसंसर्ग घटतो याचा पुरावा तोकडा आहे आणि नाजूक त्वचा सोलते. दोन्ही खरे. पण संसर्ग हीच एक इजा नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनाही नळी घट्ट बसवायला सांगतात, ते हालचाल आणि ओढ टाळण्यासाठी. त्वचेसाठी पट्टीची जागा बदलता येते. फाटलेल्या मूत्रमार्गाला तशी सोय नाही. नळी लवकर काढणे हा सर्वांत उत्तम उपाय, हेही मान्य. १९५८ मध्येच अमेरिकी डॉक्टर पॉल बीसन यांनी नळीच्या सरसकट वापराविरुद्ध लिहिले होते. मात्र अत्यवस्थ रुग्णाची तासातासाची लघवी मोजावीच लागते. तेवढ्या काळापुरती मांडीला पट्टी, तिच्याअलीकडे नळीला थोडी ढील आणि पिशवी मूत्राशयाच्या खाली, एवढे पुरे. यासाठी महागडे साधन लागत नाही. रुग्ण उचलण्याआधी पिशवी कुणाच्या हातात, हे ठरलेले लागते. रुग्णाला पाठवताना कागदावर सलाईन आणि औषधे लिहितात, तशी या नळीचीही एक ओळ असायला हवी.