जेवणानंतरचा हिशोब: पंडिता रमाबाई, केडगाव आणि बाळकुममधला एक फोटो

मागच्या पोस्टमध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी विचारलं, "सरकारचं कळलं, पण देवाधर्माच्या नावाने मदत करणारी माणसं तेव्हा काय करत होती?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला इतका वेळ लागला, कारण त्यात माझाही एक जुना हिशोब अडकला आहे. आधी तो सांगते.

२०२० चा लॉकडाऊन. आमच्या बाळकुममध्ये तेव्हाही टॉवरची कामं जोरात चालली होती आणि ती एका रात्रीत थांबली. साइटवरचे मजूर, नाक्यावर उभे राहणारे कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, सगळ्यांचं उत्पन्न बंद. आमच्या ओळखीच्या एका भक्तमंडळाने कोरडा शिधा वाटायला घेतला. पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण. मीही गेले. माझ्याकडे काम आलं फोटो काढायचं, कारण देणगीदारांना ग्रुपवर पाठवायचे होते. एका मावशींनी पिशवी घेताना पदर चेहऱ्यावर ओढला. मी म्हटलं, "मावशी, पदर जरा बाजूला करा ना, फोटो नीट येत नाहीये." त्यांनी केला. फोटो नीट आला.

मंडळातली माणसं चांगली होती. कोणी कोणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. तरीही त्या पिशवीची एक किंमत होती आणि ती वसूल करण्याचं काम मी केलं होतं. तेव्हा हे असं शब्दांत आलं नव्हतं. ते आलं पुढे, पीएचडीच्या निमित्ताने केडगावचा इतिहास वाचताना.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी एम.एस्सी. केलं अन्नविज्ञानात, आणि संशोधन करतेय ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत, पश्चिम भारतातल्या मदतसंस्थांमध्ये उपाशी माणसांना काय आणि कसं खायला घातलं गेलं यावर. या विषयात एका बाईंना टाळून पुढे जाता येत नाही. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचं धर्मांतर, टिळकांशी झालेला वाद हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. त्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडायचे, सगळं कुटुंब बरोबर. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि साठवलेलं संपलं. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांना संस्कृत उत्तम येत होतं, पण पोट भरेल असं कुठलंही काम येत नव्हतं. अंगमेहनत करायची नाही, हे घरातले संस्कार. नंतर लिहिलेल्या आठवणींत त्या सांगतात, की पानं खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढले.

ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

आपल्या ठाणे-कल्याणकडचा एक धागाही या गोष्टीत आहे. १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या या आनंदीबाई रमाबाईंच्या नात्यातल्या. समारंभ आटोपला, पण रमाबाई तिथेच राहिल्या. विधवांच्या शाळेसाठी त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. त्यातून १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं पैसे पुरवायचे, असं असोसिएशनने कबूल केलं. अट एकच: शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

१८८३ मध्येच रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या आपली प्रार्थना करायच्या आणि तेव्हा खोलीचं दार उघडं ठेवायच्या. काही मुली आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या.

या भांडणात बरोबर कोण, यावर आजही लोक हिरिरीने बोलतात. मला दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. पालकांना मुली काढून नेता आल्या. म्हणजे शारदा सदनातून बाहेर पडायला वाट होती. आणि ज्या राहिल्या त्यांतल्या सगळ्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनाच्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, यांनी त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं. त्याच आपल्या बाया कर्वे.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. तिथली सरकारी गरीबगृहं आणि दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी पाहिल्या. अन्नाच्या बदल्यात बायकांना काय द्यावं लागतंय, मुकादम काय करताहेत, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. तिथून त्या शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, त्यामुळे एवढ्या लोकांना शहरात ठेवायला परवानगी नव्हती. मग पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लाइनवरच्या केडगावला, त्यांनी आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर, सगळ्यांना नेलं. ही जमीन मुळात फळबागेसाठी होती. बोस्टनची दहा वर्षं संपली की संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा विचार. फळबागेच्या जागी झोपड्या उभ्या राहिल्या आणि १८९८ मध्ये तिथेच मुक्ती सदन उघडलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आणल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला.

आता थोडं माझ्या मूळ विषयाबद्दल. खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घालणं धोक्याचं असतं. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. अशात अचानक भात, साखर असं पिष्टमय अन्न पोटात गेलं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट वेगाने पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय, श्वास बंद पडू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे नीट नोंदवलं. म्हणूनच आज तीव्र कुपोषित मुलांना सुरुवातीचे दिवस १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी इतकं हलकं दूध दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं देतात. मग हळूहळू वाढवतात. वजन भरायला आठवडे लागतात, ताकद यायला महिने.

याचा इतिहासाशी काय संबंध? तर, एका पंगतीने दुष्काळ उठत नाही. ज्याला खरंच माणूस वाचवायचा आहे, त्याला तो महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो. म्हणजे छप्पर, विहीर, औषध आणि रोजची देखरेख आली. आणि इतके दिवस एखादी व्यक्ती पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून राहिली, की तुमच्या हातात तिच्यावर चालवायची सत्ता येते. तुमची इच्छा असो वा नसो. दोन जेवणं देणाऱ्या अन्नछत्राला ही अडचण नसते. केडगावला होती.

या सत्तेचं रमाबाईंनी काय केलं? एक तर प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवलं. विणकाम, शिवण, घाण्यावर तेल काढणं, दुभती जनावरं, शेती, छापखान्यात खिळे जुळवणं. आंधळ्या मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवलं. त्यांची मुलगी मनोरमा यात पुढे होती. मला यात सरळ दिसते ती १८७० च्या दशकातली ती उपाशी मुलगी, जिला शास्त्रं तोंडपाठ होती पण चार पैसे मिळवता येत नव्हते. हे माझं वाचन आहे, पण संस्थेचा दिनक्रम पाहिल्यावर दुसरं काही वाटणं मला कठीण जातं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. केडगावला आलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. इथे पालक नव्हते, परत जायला घर नव्हतं, काढून न्यायला कोणी येणार नव्हतं. जबरदस्ती झाली असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांची अनाथ मुलगी, जिला या बाईंनी मरणाच्या दारातून आणलं, ती कुठल्या तोंडाने 'नाही' म्हणेल? १८९३ आणि १८९७ मधल्या रमाबाई त्याच होत्या. बदलली होती ती समोरच्या मुलीची परिस्थिती.

आणि हे रमाबाईंना इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं असं मला वाटतं. कारण इंग्लंडमध्ये ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं, त्यांच्याशी त्या पत्रांतून कडाडून भांडल्या होत्या. मुद्दा हाच: तुमचे उपकार आहेत, पण माझ्या विवेकावर तुमची सत्ता नाही. हे भांडण करायला अंगात बळ लागतं आणि रमाबाईंकडे ते होतं. केडगावच्या मुलींकडे ते कुठून येणार?

पण इथेच थांबून निकाल देणंही खोटं ठरेल. त्या मुलींसमोर दुसरे कोणते पर्याय होते? सरकारची मदत म्हणजे आधी खडी फोडा, मग धान्य. १८७७ मध्ये तर मजुरी इतकी खाली आणली, की मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी मजुरांनी काम सोडलं आणि सार्वजनिक सभेला त्यांची बाजू मांडावी लागली. उत्तरेत लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०० च्या सुमारास आर्य समाजातर्फे अनाथ मुलांसाठी मोठं काम केलं. ही मुलं मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत, ही चिंता त्यामागे उघड होती. म्हणजे किंमत सगळीकडेच होती, फक्त ती कधी श्रमाची, कधी श्रद्धेची, तर कधी संख्याबळाची होती. आणि मुकादमाने मागितलेली किंमत तर सगळ्यांत भयंकर.

याउलट उदाहरण म्हणून मला नेहमी गाडगेबाबा आठवतात. ते गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. गाव झाडून झालं की मग भाकरी. संध्याकाळी कीर्तन. म्हणजे किंमत द्यायची ती स्वतः, समोरच्याकडून घ्यायची नाही. ज्यांना पंढरपुरात कुठे टेकायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून मोकळे झाले. एवढी मोठी वास्तू उभी करून ती हातावेगळी करणं, हे मला त्यांच्या झाडूइतकंच मोठं वाटतं. अर्थात, तुलना पूर्ण न्याय्य नाही. धर्मशाळेत माणूस चार रात्री राहतो आणि जातो. केडगावच्या मुलीला अख्खं आयुष्य उभं करायचं होतं.

म्हणून प्रबंधात आता मी संस्था चालवणाऱ्यांना 'थोर' किंवा 'स्वार्थी' अशा खणांत टाकणं सोडून दिलंय. त्याऐवजी साधे प्रश्न विचारते. आत आलेल्याला बाहेर जाता येत होतं का? जाताना त्याच्या हातात काय होतं? आणि 'नाही' म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी जेवण मिळत होतं का? केडगावला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भरभरून मिळतं. पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर संस्थेने स्वतः लिहिलेल्या अहवालांत शोधणं कठीण आहे, कारण त्यात बोलतात त्या वाचलेल्या आणि राहिलेल्या मुली. निघून गेलेल्या मुलींचं बोलणं छापलं जात नाही.

आमच्या बाळकुमच्या त्या फोटोतही मावशींचं बोलणं नाही. त्या पुढे गावी गेल्या की इथेच राहिल्या, मला माहीत नाही. नावही विचारलं नव्हतं. फोटो मी फोनमधून काढून टाकलाय, पण तो ज्या शेकडो फोनमध्ये गेला तिथून तो काढणं माझ्या हातात नाही. मंडळाचं वाटप अजून होतं, दिवाळीच्या आधी. गेल्या वेळी मी फोटोंचं काम पुन्हा अंगावर घेतलं आणि रांगेत लावलेल्या पिशव्यांचे, तोललेल्या तांदळाचे, दुकानाच्या बिलाचे फोटो काढले. एका काकांनी विचारलं, "अगं, माणसं कुठायत यात?" मी म्हटलं, "काका, हिशोब दाखवायचाय ना? हा घ्या हिशोब." ते थोडे नाराज झाले. देणग्या मात्र आल्या.

पुढच्या भागात १९०० च्या गुजरात दुष्काळाबद्दल: ज्वारी, तांदूळ आणि दूध यांचा हिशोब, आकड्यांसकट. तुमच्या घरात छप्पन्नच्या दुष्काळाच्या काही आठवणी सांगितल्या जात असतील तर नक्की कळवा. विशेषतः मदत घ्यायला *नकार* दिलेल्या कोणाची असेल तर.