घाट, ट्रक आणि क्रॉस

घाटाचा इतिहास लिहिणारे बहुधा रस्ता, पूल आणि बोगदे यांपाशी थांबतात. त्या रस्त्याने जे चढले-उतरले, त्यांच्या पोटातली यंत्रे कुणाच्या खिजगणतीत नसतात. दिवाळीच्या फराळाशेजारी ग्रीसचा डबा मांडणे जरा अरसिकपणाचे आहे खरे. परंतु मावळात राहणाऱ्या माणसाने बोरघाटाविषयी लिहायचे आणि ट्रक वगळायचे, हे काही मला जमणार नाही. वाचकांनी खुशाल करंजी हातात ठेवूनच पुढे वाचावे.

फार पूर्वी या वाटेने लमाणांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन जात. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता खुला केला आणि बैलगाडी कोकणातून देशावर चढू लागली. १८६३ साली आगगाडी आली. सदतीस फुटांना एक फूट असा तिचा चढ. आणि उतारावर गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला चढाच्या फाट्यावर वळवून थांबवण्यासाठी मुद्दाम वेगळे रूळ टाकलेले. म्हणजे पाहा, या घाटात चढण्यापेक्षा उतरण्याचीच धास्ती मोठी, हे इंजिनिअरांना तेव्हाच उमगले होते.

बैलगाडीचे एक बरे होते. बैल ओढतात, चाक आपले फिरते. मोटारीत मात्र चाकालाच आतून फिरवावे लागते. ट्रकचे इंजिन पुढे, फिरणारा आस मागे. शिवाय मागचा आस पाट्यांवर खालीवर हिंदकळत असतो. गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत एकच ताठ दांडा बसवला तर पहिल्या खड्ड्यातच तो मोडेल. सुरुवातीच्या पुष्कळ ट्रकांत म्हणूनच सायकलीसारखी साखळी असे.

उपाय फार जुना होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी, १६७६ साली, रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने वाकडा राहूनही फिरणारा सांधा वर्णन करून छापला. त्याचे डोळे आकाशाकडे. मालवाहतूक त्याच्या ध्यानीमनीही नसावी. पुढे अमेरिकेत क्लॅरन्स स्पायसर याने १९०३ साली अशाच सांध्याचे मोटारीसाठी पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी ते बनवून विकायला प्रारंभ केला. आपल्याकडे १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. नाकावर तीन टोकांची तारका मिरवणाऱ्या त्या गाड्या घाटात दिसू लागल्या, त्याही पोटात असाच शाफ्ट घेऊन.

या सांध्याच्या मध्यभागी अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या चारही टोकांवर टोप्या आणि टोप्यांत सुयांसारखे बारीक रोलर. सांधा किंचितच हलतो, त्यामुळे रोलर पुरते फिरत नाहीत. एकाच जागी दाबून दाबून खाचा पाडतात. ग्रीस आटले की हे काम झपाट्याने होते. घाट चढताना इंजिन चाकाला ढकलते. उतरताना खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना आवरते. जोराची दिशा बदलली की झिजलेला क्रॉस ‘खट्’ असा बोलतो. खोपोलीपासून हा आवाज ऐकत आलेला ड्रायव्हर लोणावळ्यात गाडी बाजूला घेई.

जुन्या हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात मी लहानपणी तासन् तास बसत असे. तिथले मिस्त्री शाफ्ट उतरवण्यापूर्वी आधी चाकांखाली दगड लावून घेत. जुन्या कित्येक गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच असे; शाफ्ट सुटला की हँडब्रेक असून नसल्यासारखा. मग ते खडूने दोन्ही बाजूंना रेघ ओढत. मी एकदा विचारले, “मिस्त्रीकाका, रेघ कशाला?” म्हणाले, “बाळा, दोन्ही टोकांचे कान एका रांगेत पाहिजेत. नाहीतर गाडी थरथरते.” खरे कारण मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडले: वाकडा सांधा एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसरा सांधा नीट बसवला तरच पहिल्याची ही खोड निघून जाते. काकांनी पुस्तक पाहिले नव्हते, पण रेघ कधी चुकली नाही.

नवा क्रॉस बसवल्यावर ते ग्रीसगन लावत आणि चारही टोप्यांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत थांबत. तीनच बाजूंनी आले तर चौथी कोरडी, हे ठरलेले. घाईत असलेले ड्रायव्हर करवादत; काका ढिम्म हलत नसत.

आणि घाई कशाला करायची? उतारावर क्रॉस तुटला तर इंजिनाची सगळी आवर एका क्षणात संपते, मागे टनावारी माल आणि हाती केवळ पायाचा ब्रेक. पुढचा सांधा सुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतू शकते. म्हणून त्याखाली लोखंडी कडे लावतात. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आजही आहेत. ते तर धडधाकट शाफ्ट असूनही त्याचे काम आपल्या हाताने बंद करतात! तापलेल्या ब्रेकचा जळका वास घाटात येतो तो पुष्कळदा अशांच्याच कृपेने.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. १८३० सालचा पूल, ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणत आलो, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला गेला. आता कित्येक गाड्यांचे सांधे कारखान्यातूनच बंद होऊन येतात, त्यांना ग्रीसचे तोंडच नसते. झिजले की बदलायचे. धूर कोंडून इंजिनाला अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक आला आहे, मात्र त्याचाही जोर चाकापर्यंत पोहोचतो तो याच शाफ्टातून. घाटाच्या तोंडाशी चहाला ट्रक थांबला की जुना जाणता क्लीनर अजून खाली वाकतो, शाफ्टला हात घालून दोन्हीकडे हिसका देऊन पाहतो आणि मगच चहाचा पेला उचलतो.