सिकलसेल : कार्डावर ‘एएस’ आहे की ‘एसएस’? बालाघाट-गोंदियाच्या घरांनी नीट समजून घ्यावं असं

बालाघाट : लांजीची मुलगी आमगावला दिली जाते, कटंगीकडची तुमसरला, आणि गोंदियाकडच्या कितीतरी लेकी किरनापूर-वारासिवनीत नांदतात. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, गोंदिया-भंडारा मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. सोयरिकी मात्र आधीसारख्याच चालू राहिल्या. सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार आहे, त्यामुळे त्याची माहिती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांना सारखीच लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. शाळा, आश्रमशाळा आणि गावातल्या शिबिरांत बोटाचं रक्त घेतलं जातं, पुढे कार्डही मिळतं. अडचण कार्ड हातात आल्यावर सुरू होते. त्यावरची दोन अक्षरं कळली नाहीत तर निरोगी माणूस आयुष्यभर घाबरत राहतो आणि खरा रुग्ण ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढ्यावर वर्षं काढतो.

आजार होतो कसा?

आपल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. चूक एवढीच. पण ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळाच. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त सतत कमी पडतं. शिवाय या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. असह्य दुखणं येतं ते यामुळे.

वैद्यकशास्त्रात या पेशींची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. पण हा ‘फक्त आदिवासींचा आजार’ हा समज सोडून द्यावा. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो.

आपल्याच पट्ट्यात तो इतका का? याचं उत्तर मलेरियात आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी होतो, हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जंगल आणि डास असलेल्या मुलखात अशी माणसं जगली आणि जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. बैहर-परसवाड्याचं जंगल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र दोन्हीकडून जनुक आलेल्या रुग्णाला मलेरिया झाला, तर तो इतरांपेक्षा जास्त धोक्याचा ठरतो.

एएस आणि एसएस

‘एए’ म्हणजे दोष नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक. हिंदी कार्डावरही हाच शब्द असतो. वाहकाला एकाकडूनच जनुक आलेलं असतं आणि तो आजारी नसतो. त्याला सिकलसेलचं औषध लागत नाही. शेती, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं इतरांसारखंच. ‘एसएस’ म्हणजे दोघांकडूनही जनुक आलेला रुग्ण. कार्डाच्या रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि एए होण्याची चारात एक. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं लोक म्हणतात. तसं काही नसतं, दर खेपेला चिठ्ठी नव्याने निघते. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर मूल एसएस होत नाही. म्हणजे वाहकाचं लग्न अडायचं काहीच कारण नाही. पाहायचं ते एवढंच की समोरचाही वाहक आहे का. त्यासाठी तपासणी मुला-मुलीची दोघांचीही हवी. आपल्याकडे मुलीचाच रिपोर्ट मागतात, ही रीत शास्त्राला धरून नाही. आणि समोरचा थॅलेसिमियाचा वाहक असला तरी मुलाला सिकल-थॅलेसिमिया होऊ शकतो.

कोणती तपासणी काय सांगते?

शिबिरातली पहिली तपासणी बहुधा सोल्युबिलिटीची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ती फक्त दोष ‘आहे’ एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळतं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत. थॅलेसिमियाचा अंशही एचपीएलसीमध्ये दिसतो. म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर पुढची तपासणी झाल्याशिवाय विषय संपला असं समजू नका. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी भरवशाची नाही, आणि नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीही चकवते, साधारण तीन महिने थांबावं लागतं.

लक्षणं सहसा सहा महिन्यांनंतर दिसतात. बाळाच्या हातापायांची बोटं सुजणं ही बहुतेकदा पहिली खूण. पुढे हाडं-सांधे दुखणं, थकवा, पिवळे डोळे. हातपाय दुखतात म्हणून वाताचं औषध आणि डोळे पिवळे म्हणून काविळीचा झाडपाला यातच अनेकांची वर्षं जातात. तो पिवळेपणा लाल पेशी फुटल्यामुळे असतो, झाडपाल्याने जात नाही.

उपचार आणि घरातली काळजी

हायड्रॉक्सीयुरिया हे मुख्य औषध. ते बाळपणीचं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी कमी वाकतात, दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. त्याचा गुण यायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. मूल हवं असेल तर स्त्री असो की पुरुष, आधी डॉक्टरांना सांगावं. सोबत फॉलिक ॲसिड, लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, आणि न्यूमोनियाची लस.

लोहाच्या गोळ्यांबाबत सांभाळा. एसएस रुग्णाचं रक्त कमी असतं ते पेशी फुटल्यामुळे. लोह कमी नसेल तर गोळ्यांचा उपयोग नाही, आणि वारंवार रक्त घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जातं. वाहकाला मात्र इतरांसारखंच लोह देता येतं.

भरपूर पाणी, अंगावर ऊब, आणि दमेपर्यंत काम टाळणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. धानाच्या रोवणीत भर पावसात दिवसभर चिखलात उभं राहणं रुग्णाला सोसत नाही, पण मजुरी बुडते म्हणून लोक जातात. घरच्यांनी याला आळस म्हणू नये. झटका आला तर शेक द्या, बर्फ नको, पाणी पाजा. साध्या गोळीने दुखणं थांबलं नाही तर दवाखाना.

पुढच्या गोष्टींत मात्र सकाळची वाट पाहायची नाही. १०१ अंशांवर ताप, छातीत दुखून दम लागणं, एकाएकी पांढरं पडून डाव्या कुशीतली प्लीहा फुगणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं, पुरुषांत तासन्‌तास न उतरणारा वेदनादायी ताठरपणा. १०८ ला फोन करा; ही गाडी दोन्ही राज्यांत आहे. ताप असेल तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

कायमचा इलाज म्हणजे जुळणाऱ्या भावा-बहिणीकडून बोन मॅरो प्रत्यारोपण, तेही सगळ्यांना शक्य नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली, पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्याकडच्या रुग्णाला आज उपयोगी पडतं ते हायड्रॉक्सीयुरियाच.

गरोदर बाई आणि नवरा दोघंही वाहक असतील तर तिसरा महिना संपायच्या आत मोठ्या रुग्णालयात सल्ला घ्यावा, कारण गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांपासून करता येते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाने प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बालाघाटहून गोंदिया किंवा नागपूरला नेताना एचपीएलसीचा रिपोर्ट, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं ते आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. नव्या डॉक्टरला पेशंटचं नेहमीचं हिमोग्लोबिन ८ आहे हे कळलं, तर आजच्या ५ चा अर्थ त्याला लगेच समजतो.