‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’मधील दुर्बोध शब्दांचा ऐतिहासिक अर्थ

डब्ल्यू. एस. गिल्बर्ट (१८३६-१९११) यांची संहिता आणि आर्थर सलिव्हन (१८४२-१९००) यांचे संगीत असलेली ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ ही विनोदी संगीतिका ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्क येथे व ३ एप्रिल १८८० रोजी लंडन येथे सादर झाली. तीमधील मेजर-जनरल स्टॅनली आपल्या परिचयगीतात स्वतःच्या ज्ञानाची लांबलचक यादी देतो. या यादीतील अनेक शब्द आज टीपेवाचून कळत नाहीत. तथापि, ते केवळ यमकासाठी योजलेले नाहीत.

स्टॅनलीला ज्ञात असलेल्या गोष्टी प्रामुख्याने प्राचीन आहेत. रोमन सम्राट हेलिओगाबालसचे गुन्हे त्याला मुखोद्गत आहेत. धोब्याचा हिशेबही तो बाबिलोनी कीलाकार लिपीत लिहू शकतो. ही लिपी त्या काळी कुतूहलाचा विषय होती. तिच्या उलगड्यात मोठा वाटा असलेले हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले होते. पुढे १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी त्या लिपीतील जलप्रलयकथा लंडनमध्ये जाहीर केली.

याउलट, त्याला अज्ञात असलेल्या गोष्टी सैनिकी आहेत. ‘मामेलॉन’ म्हणजे गोलाकार टेकडी, ‘रॅव्हेलिन’ म्हणजे तटापुढील त्रिकोणी बाह्यबुरूज आणि ‘कमिसरिएट’ म्हणजे रसदखाते. रायफल आणि भाला यांतील भेदही त्याला उमगत नाही. यांपैकी दोन शब्द क्रिमियन युद्धाने (१८५३-५६) घरोघरी पोहोचविले होते. सेबास्तोपोलच्या वेढ्यात फ्रेंचांनी जून १८५५ मध्ये ‘मामेलॉन’ नावाचेच ठाणे जिंकले. तर रसदखात्याच्या अनागोंदीमुळे १८५४-५५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैनिकांचे अतोनात हाल झाले, हे वृत्तपत्रांनी उघड केले. पैसे मोजून अधिकारपद विकत घेण्याची प्रथा मात्र १८७१ पर्यंत टिकून होती.

यावरून विनोदाचे मर्म स्पष्ट होते. सामान्य वृत्तपत्रवाचकाला जे ठाऊक होते, तेच सेनापतीला ठाऊक नव्हते. हे शब्द प्रचारातून गेल्याने आजचा श्रोता नकळत स्टॅनलीच्याच पंक्तीला बसतो. गीताचा वेग त्याला हसवितो, पण सैनिकांच्या हालअपेष्टांशी निगडित असलेला उपरोध निसटून जातो. म्हणूनच अशा संहितांवरील टीपा केवळ शब्दार्थापुरत्या मर्यादित न राहता तत्कालीन श्रोत्यांना काय ज्ञात होते, याचीही नोंद घेणाऱ्या असणे आवश्यक ठरते.